गोदो येणार नाही, हे आबांना आधीच सांगा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय सेहेचाळीस, घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान. मुलगी कॉलेजात शिकते आणि एका हौशी संस्थेतून नाटकात काम करते. गेल्या वर्षी तिच्या आग्रहाने ताई एक प्रायोगिक एकांकिका बघायला गेल्या. रंगमंचावर एक माणूस रिकाम्या खुर्चीला आग्रह करकरून आमटी वाढत होता. ताईंना हसू फुटलं. बाकी सभागृह गंभीर होतं. मुलीच्या मित्रमैत्रिणींनी वळून बघितलं आणि घरी येताना मुलगी म्हणाली, "आई, तुला नाही कळायचं हे." आता तीन आठवड्यांनी याच संस्थेचा 'वेटिंग फॉर गोदो'चा मराठी प्रयोग शाहू स्मारक भवनात आहे. मुलगी त्यात निरोप्या मुलाचं छोटं काम करते. ताईंचे वडील, म्हणजे आबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, संगीत नाटकांवर वाढलेले. नातीचं नाटक बघायचंच म्हणून ते हटून बसले आहेत. ताईंनी मोबाइलवर चार लेख वाचले आणि त्या आणखी गोंधळल्या. त्या विचारतात, "जाऊ की दुकानाचं निमित्त सांगून टाळू? गेले तर कळल्यासारखा चेहरा करून बसू का? आणि आबांना काय सांगू?"

ताई,

आधी तुमच्या हसण्याबद्दल बोलू. तुमच्या पत्रातला सगळा सल त्या एका क्षणाचा आहे.

रिकाम्या खुर्चीला कुणी "घ्या हो, अजून थोडी घ्या" म्हणत आमटी वाढत असेल, तर हसू येणारच. ते यावं म्हणूनच नटाने तो आग्रह तसा धरलेला असणार. इतर लोक का हसले नाहीत, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. पण मी अशा प्रयोगांना बरीच वर्षं जाते आहे, आणि एक गोष्ट अनेकदा पाहिली आहे. हसू आलेलं असतं, पण शेजारचा गंभीर दिसतो म्हणून माणसं ते गिळतात. शेजारचाही तेच करत असतो. त्या दिवशी तुम्ही ते गिळलं नाहीत, एवढंच घडलं. आता जे नाटक तुम्ही बघणार आहात, ते सॅम्युएल बेकेट यांनी मूळ फ्रेंचमध्ये लिहिलं. मग स्वतःच इंग्रजीत आणताना त्याखाली त्यांनी 'दोन अंकी ट्रॅजिकॉमेडी' असं लिहिलं. पडदा उघडतो तेव्हा एक माणूस पायातला बूट ओढून काढायचा प्रयत्न करत असतो आणि तो काही निघत नाही. तिथे हसू आलं तर हसा. आणि हसता हसता मध्येच घशात काही अडकल्यासारखं झालं, तर तेही होऊ द्या. त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही.

आता 'कळणं' या शब्दाकडे येते. तुमच्या पत्रात तो नऊ वेळा आला आहे, मी मोजला.

तुम्ही असं धरून चालला आहात की नाटकाच्या आत एक उत्तर ठेवलेलं आहे, ते दिग्दर्शकाला माहीत आहे, तुमच्या मुलीला माहीत आहे, पहिल्या रांगेतल्या दाढीवाल्या मुलांना माहीत आहे, फक्त तुमच्यापर्यंत आलेलं नाही. मला हे मान्य नाही. अमेरिकेत हे नाटक बसवणारे दिग्दर्शक ॲलन श्नायडर यांनी खुद्द बेकेटना विचारलं होतं की गोदो म्हणजे कोण. मला माहीत असतं तर नाटकातच सांगितलं असतं, असं उत्तर त्यांना मिळालं. लेखक लपवाछपवी करत होता असं मला वाटत नाही. ज्याची वाट बघायची तो कोण आहे हे धड ठाऊक नसणं, हीच त्या दोघा माणसांची स्थिती आहे. ती लेखकाने जशीच्या तशी आपल्यासमोर ठेवली आहे.

अशा नाटकांना लावलं जाणारं 'ॲब्सर्ड' हे नावही नाटककारांनी स्वतःला घेतलेलं नाही. मार्टिन एस्लिन या समीक्षकाने १९६१ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि बेकेट, आयनेस्को, अदामोव्ह, जने अशांना एका छत्राखाली आणलं. आपल्याकडे कुणी 'असंगत नाटक' म्हणतं. तुम्ही वाचलेले लेख बहुधा याच पुस्तकाच्या वाटेने गेलेले आहेत. ते चुकीचे नाहीत, फक्त ते नाटक बघून झाल्यावर वाचायचे आहेत. मी विशीत 'गोदो' पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी दोन जाडजूड पुस्तकं वाचून गेले होते. झाड दिसलं की ख्रिस्ताचा क्रूस शोधायचा, दोरी दिसली की मालक आणि गुलाम शोधायचे, अशी सगळी खूणगाठ बांधून बसले. पुस्तकातलं सगळं सापडलं. घरी आल्यावर आईने विचारलं, कामं कशी केली मुलांनी? मला एकाही नटाचा चेहरा आठवेना. ती रुखरुख अजून आहे.

तेव्हा लेख बाजूला ठेवा आणि २०१९ च्या ऑगस्टमधला आपला महापूर आठवा. शाहूपुरीतल्या माणसाला मी काय वेगळं सांगणार? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, हा एकच प्रश्न त्या दिवसांत गावाच्या तोंडी होता. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आमच्या जिन्यात आम्ही सातजण गाठोडी बांधून बसलो होतो. लाइट नव्हते. दर अर्ध्या तासाने कुणीतरी विचारायचं, "आता किती?" कुणीतरी फूट-इंच सांगायचं. मग थोडा वेळ गप्प. मग चहाला दूध उरलंय का. मग कुणाच्या तरी लग्नात झालेलं जुनं भांडण. मग मेणबत्ती कुणी कुठे ठेवली यावरून नवं भांडण. मग कुणीतरी गाणं म्हणायचं, मध्येच थांबायचं. पुन्हा "आता किती?" बोट येणार आहे असा निरोप यायचा. मग उद्या सकाळी येईल असा निरोप यायचा. "निघूया का चालत?" "निघूया." आणि कुणी जागचं हलायचं नाही.

ताई, 'वेटिंग फॉर गोदो' हे एवढंच आहे. दोन माणसं, डीडी आणि गोगो, संध्याकाळी एका झाडाखाली कुणा गोदोची वाट बघतात. वेळ जावा म्हणून बोलतात, भांडतात, मिठी मारतात, गाजर खातात, टोप्यांची अदलाबदल करतात. मध्ये एक मालक गळ्यात दोरी बांधलेल्या नोकराला घेऊन येतो आणि जातो. शेवटी एक मुलगा निरोप आणतो, आज गोदो येणार नाहीत, उद्या नक्की येतील. दुसऱ्या अंकात पुन्हा तेच. फरक इतकाच की झाडाला चार-पाच पानं फुटलेली असतात, मालक आंधळा झालेला असतो, नोकर मुका झालेला असतो. दोन्ही अंकांच्या शेवटी एकजण म्हणतो, चल, जाऊया. आणि दोघं हलत नाहीत.

आपल्या जिन्यात बसलेल्यांपैकी कुणाला त्या रात्री 'याचा अर्थ काय' असा प्रश्न पडला नव्हता. तरी ती रात्र काय होती हे प्रत्येकाला अंगभर कळलेलं होतं. त्या कळण्याने नाटक बघा.

बेकेट यांच्या बाबतीतही वाट बघणं ही पुस्तकातून आलेली गोष्ट नव्हती. युद्धाच्या काळात ते पॅरिसमध्ये जर्मनांविरुद्ध काम करणाऱ्या एका गुप्त गटात होते. १९४२ मध्ये फितुरी झाली. त्यांना जोडीदारीण सुझानसह पळून दक्षिण फ्रान्समधल्या रूसियों या गावी लपावं लागलं. तिथे शेतात मजुरी करत, युद्ध कधी संपतंय याची वाट बघत त्यांनी दिवस काढले. नाटक लिहिलं गेलं १९४८-४९ च्या हिवाळ्यात आणि पॅरिसच्या छोट्याशा तेआत्र द बाबिलोनमध्ये ५ जानेवारी १९५३ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. गोदो म्हणजे युद्धाचा शेवट, असं मी म्हणत नाही. पण वाट बघताना माणूस काय काय बोलतो, हे त्या लेखकाने जवळून पाहिलं होतं.

प्रेक्षकांबद्दलची दोन प्रसंगांची गोष्ट तर मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे. १९५६ च्या जानेवारीत अमेरिकेत मायामीला हे नाटक लागलं. जाहिरात केली होती दोन खंडांत गाजलेला हास्याचा धमाका अशी. हौसेने, चांगले कपडे घालून आलेले श्रीमंत प्रेक्षक मध्यंतराच्या आधीच उठून जाऊ लागले. पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९५७ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेने तेच नाटक सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात केलं. समोर सुमारे चौदाशे कैदी. नटांनाच धास्ती होती की आता गोंधळ होणार. कैदी बसून राहिले, बघत राहिले. वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. एस्लिन यांचं पुस्तक सुरू होतं ते याच प्रयोगाच्या हकिकतीने. मायामीकर कमी शिकलेले होते म्हणून उठले असं कुणी म्हणू शकेल का? त्यांना एक सांगून दुसरं दाखवलं गेलं. नवख्या प्रेक्षकाची बहुतेक चिडचिड तिथूनच येते. चटपटीत गोष्ट मिळेल असं वाटून बसलेल्या माणसाला वीस मिनिटांत फसवल्यासारखं होतं.

म्हणूनच आबांना सगळं आधी सांगा. गोष्ट फोडायची भीती बाळगू नका. गोदो येणार नाही, शेवटपर्यंत येणार नाही, हे त्यांना घरीच कळलं तर पुढचे दोन तास ते दाराकडे डोळे लावून बसणार नाहीत, त्या दोघांकडे बघतील. आबा कोल्हापूरचेच असतील तर त्यांनी खासबागेत कुस्त्या पाहिल्या असणार. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून दहा-दहा मिनिटं जागच्या जागी फिरतात. कोण पडणार हे ठाऊक नसतं, कधीकधी कुणीच पडत नाही, बरोबरीत सोडवतात. तरी मैदान हलत नाही, कारण लक्ष पायाच्या एकेका हालचालीवर असतं. त्यांना म्हणा, आबा, तसं बघायचं.

संगीत नाटक ऐकून तयार झालेला कान इथे वाया जात नाही, हेही त्यांना सांगा. पहिल्या अंकात तो दोरी बांधलेला नोकर, लकी, एक लांबलचक भाषण करतो. अर्धवट पंडिती शब्द, तुटलेली वाक्यं, तीच तीच पुन्हा. तिथे नवखे प्रेक्षक घाबरतात, आपल्या हातून काहीतरी निसटतंय असं त्यांना वाटतं. निसटू द्या. तुम्ही लेकीला मांडीवर घेऊन 'अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं' म्हणत होतात, तेव्हा मडगुलं म्हणजे काय हे तिने विचारलं नव्हतं आणि तुम्हीही शोधलं नव्हतं. ती खुदकन हसायची, कारण आवाज तुमचा होता आणि ताल पक्का होता. लकीचं भाषण तसंच कानाने घ्या, चांगला नट ते हळूहळू वाढवत नेतो, धाप लागेपर्यंत. आबांना त्यातली लय तुमच्या आधी सापडेल असं मला वाटतं.

त्यांना थोडी ओळख आधी करून द्यायची असेल तर आपल्या भाषेतलं एक नाटक आहे, सतीश आळेकर यांचं 'महानिर्वाण'. १९७४ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ते रंगमंचावर आणलं. त्यात भाऊराव मरतात आणि स्वतःच्या मरणावर स्वतःच कीर्तन करतात. आपल्याला जुन्याच स्मशानात जाळा, असा प्रेताचा हट्ट आहे आणि ते स्मशान तर बंद झालेलं. आबांनी देवळात ऐकलेली कीर्तनं, त्याच चाली, त्याच लकबी, आणि त्यातून निघणारं हे भलतंच काही. पुस्तक वाचनालयात मिळेल. दोन संध्याकाळी मिळून थोडं मोठ्याने वाचा. ते काही 'गोदो'सारखं नाटक नाही, भाऊरावांचं घर गजबजलेलं आहे आणि बेकेटचा रस्ता ओसाड. पण मेलेला माणूस बोलतो हे एकदा आबांनी हसत मान्य केलं, की झाडाखाली काहीच न घडणं त्यांना जड जाणार नाही.

आता तुमच्यासाठी. दुकानाचं निमित्त सांगून टाळण्याचा विचार सोडून द्या. मुलगी त्या दिवशी काही बोलणार नाही, पण दोघींच्या मध्ये ती न भरलेली खुर्ची पुढे बरीच वर्षं राहील. कळल्यासारखा चेहरा करून बसणं तर त्याहून वाईट. दोन तास स्वतःच्या चेहऱ्यावर पहारा ठेवणाऱ्या माणसाला समोरचं दिसणार कसं?

तीन आठवडे हातात आहेत, तर मुलीला म्हणा, तुझं पाठांतर मी घेते. तिचं काम छोटं आहे, पण तिला संवाद देणारा डीडी मोठा आहे. तो तुम्ही वाचा. मशीन बंद करून, भाजी निवडत, जसं जमेल तसं. मग एखाद्या दिवशी गोगो-डीडीची दोन पानं दोघींनी मिळून वाचा, अभिनय न करता, साधं, घरात बोलतो तसं. छोटी छोटी वाक्यं आहेत. चौथ्या-पाचव्या ओळीला तुमच्या लक्षात येईल की ही दोन माणसं नवरा-बायकोसारखी, जुन्या जावांसारखी बोलतात. माझ्या ओळखीत ज्यांना ज्यांना हे नाटक पुढे आवडलं, त्यांतल्या बहुतेकांना ते आधी असं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, मोठ्याने वाचलेलं ऐकायला मिळालं होतं. संपूर्ण संहिता वाचायलाच हवी असं नाही. दोन पानं पुरतात.

तिचं ते "तुला नाही कळायचं" मनात ठेवू नका, पण गिळूनही टाकू नका. त्या वयात नवीन काही सापडलेलं असतं आणि आपल्यालाच ते नीट कळलंय का याची धाकधूक असते. घरातलं माणूस हसलं की ती धाकधूक उघडी पडते. एखाद्या संध्याकाळी सरळ विचारा, "तुला त्यातलं काय आवडतं?" कळतं का, असं नको. आवडतं काय, हे विचारा. ती अडखळली तर अडखळू द्या.

प्रयोगाच्या दिवशी आबांना चहा-खाणं आधी द्या, मध्यंतरापर्यंत पोट रिकामं नको. ते मध्येच पेंगले तर उठवू नका, शेजारी कुजबुजून समजावून तर मुळीच सांगू नका. त्यांना दिसेल तेवढं त्यांचं. कंटाळा तुम्हालाही येईल, एकदा तरी नक्की येईल. त्या वेळी मोबाइल काढू नका. तो कंटाळा त्या दोघांनाही आलेला आहे, ते तसं बोलूनही दाखवतात. अंधारात त्यांच्याबरोबर कंटाळलेलं असण्यात एक वेगळीच सोबत आहे. मला या नाटकातलं सर्वांत प्रिय काय असेल तर तेच.

आणि प्रयोग वाईटही असू शकतो, हे मी तुमच्यासारख्या सगळ्याच वाचकांसाठी लिहिते. नाटक ॲब्सर्ड आहे म्हणून ढिसाळ काम क्षम्य होत नाही. नट एकमेकांचं ऐकत नसतील, शब्द कानावर नीट पडत नसतील, उगाच गूढ दिसावं म्हणून प्रत्येक वाक्यानंतर लांब थांबत असतील, तर तुम्हाला आलेला कंटाळा खरा आहे आणि त्याचं खापर स्वतःच्या बुद्धीवर फोडू नये. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी जमलं तर छोट्या एकांकिकेपासून सुरुवात करावी, एकट्याने जाण्याऐवजी एखादं मोकळं बोलणारं माणूस बरोबर घ्यावं. आणि बाहेर पडल्यावर लगेच चर्चेला बसू नये. शाहू स्मारकातून निघून दसरा चौक ओलांडेपर्यंत गप्प चालावं. नाटकातलं एखादं चित्र तेवढ्यात आपोआप वर येतं. तेच पकडावं.

मुलगी रात्री विचारेल, "कसं वाटलं?" तेव्हा 'छान झालं' म्हणू नका, 'फार खोल आहे बाई' हेही नको. पाहिलेली एक गोष्ट सांगा. गाजर खाताना त्याने अर्धं कसं धरलं होतं. झाडाची पानं दिसली तेव्हा मागून कुणीतरी कसं "अरे" म्हणालं. आणि जे कळलं नाही ते विचारा, अगदी सरळ. कलाकाराला ही अशी पावती मिळाली की ती त्याला पुढच्या तालमीपर्यंत पुरते.

एक शेवटचं. तुमच्या मुलीचं काम छोटं आहे असं तुम्ही दोनदा लिहिलंत. तो मुलगा दोन्ही अंकांच्या शेवटी येतो. म्हणजे पहिला अंक जवळपास संपेपर्यंत ती तुम्हाला दिसणार नाही. सगळ्या सभागृहात डीडी-गोगोंच्या इतकी वाट कुणी बघत असेल तर ती तुम्ही आणि आबा. मग ती येईल, निरोप देईल आणि जाईल. दुसऱ्या अंकात पुन्हा येईल. डीडी विचारेल, काल आलेला तूच ना? ती म्हणेल, नाही. त्यानंतर डीडी तिला बजावतो, गोदोंना सांग की तू मला पाहिलंस. आणि थोड्या वेळाने तिच्याकडे वळून जवळजवळ ओरडून म्हणतो, तू मला पाहिलंस ना नक्की, उद्या येऊन पाहिलंच नाही असं म्हणणार नाहीस ना? तिला त्यावर एक शब्दही नाही. नुसतं उभं राहून ऐकायचं आहे आणि पळून जायचं आहे. फार अवघड काम दिलं आहे तिला.

ती कोणत्या विंगेतून येते ते आधी विचारून ठेवा आणि समोरच्या बाजूच्या, चौथ्या-पाचव्या रांगेतल्या दोन खुर्च्या धरा. थोडं लवकर निघा, आबांना जिने चढायला वेळ लागेल.